रजेवरून परतलेल्यांचे घर

रजेवर गेलेला मिशनरी परत कामावर येतो तेव्हा तो घरी येतो की घर सोडून येतो, असा प्रश्न कोणी विचारल्यास आपल्या खेड्यांतील मंडळ्यांस तो रिकामपणचा वाटेल. आपल्या वाडवडिलांच्या मनात त्याचे उत्तर ठरून गेलेले होते. साहेब आणि मडमसाहेब सात-आठ वर्षे नगर जिल्ह्यात काम करून आगबोटीने अमेरिकेस जात, तेव्हा ते 'घरी' गेले असे लोक म्हणत. आणि वर्ष-दीड वर्षाने ते परत आले की वेशीवर ताशा वाजे, झेंडूचे हार पडत आणि साहेब 'कामावर रुजू झाले' असे सर्वांस कळे. घर तिकडे व काम इकडे, अशी ती सोपी वाटणी होती.

माझी आजी तरुणपणी मिशनच्या एका बंगल्यावर आयाचे काम करी. ती एक गोष्ट पुष्कळदा सांगत असे. रजेवरून परत आल्याच्या पहिल्याच रात्री मडमसाहेब स्वयंपाकघरात आल्या आणि चुलीजवळच्या पाटावर बसून रडू लागल्या. आजीला वाटले, बिचारीला आईबापांची आठवण येत असेल, म्हणून ती समजूत घालू लागली. त्यावर मडमसाहेब म्हणाल्या, "तिकडे वर्षभर मला या घराची आठवण येत होती, सगुणा, आणि आता इथे येऊन बसले तर तिकडची येते. मला कुठेच पुरते जाता येत नाही." आजी ही गोष्ट सांगून हसत असे. मोठ्या लोकांची दुःखेही काय असतात, अशा भावाने ती हसे. आणि आम्ही मुलेही हसत असू.

ते हसणे आता मला पुरत नाही, कारण ते दुःख आमच्याच दारी येऊन बसलेले मी पाहिले आहे. परदेशी मिशनऱ्यांचे दिवस या देशात केव्हाच सरले. परंतु पाठविण्याचे काम थांबले नाही. ते आपल्याकडे आले. तिरुनेलवेलीच्या मंडळ्यांनी 1903 साली आपली स्वतःची मिशनरी संस्था काढली, आणि 1905 साली नाताळच्या दिवशी श्रीरामपूर येथे, केरीसाहेबांच्या ग्रंथालयात, राष्ट्रीय मिशनरी संस्थेची स्थापना झाली. तेव्हापासून हिंदी ख्रिस्ती माणसे आपला मुलूख सोडून परक्या मुलखात जात आली आहेत. ज्या मंडळ्यांच्या वेशीवर एके काळी साहेबाचे स्वागत होई, त्या मंडळ्या आज दुसऱ्या टोकाला उभ्या आहेत. आता 'घर' म्हणजे आपण. मग घराने कसे वागावे, हे आपणास ठाऊक आहे काय? मला ठाऊक नव्हते, हे मी आरंभीच कबूल करतो.

आमच्या मंडळीतील एक दाम्पत्य 2009 साली नेपाळात गेले. पत्नी परिचारिका, पती शिक्षक. त्यांची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. काठमांडूच्या पश्चिमेस डोंगरात एक दवाखाना आहे, तेथे ती नोकरीस लागली व तो जवळच्या शाळेत शिकवू लागला. त्या देशात दुसऱ्याचे धर्मांतर करविणे कायद्याने मना आहे, आणि ती दोघे तो कायदा पाळून रोग्यांची शुश्रूषा व मुलांचे शिक्षण एवढेच करीत. तरी आम्ही त्यांना मिशनरीच म्हणत असू आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्यासाठी वेगळी भेट गोळा करीत असू. दोनशे रुपये जमले तरी आम्हांस मोठे वाटे.

2015 सालच्या फेब्रुवारीत ती तिघे प्रथमच दीर्घ रजेवर आली. भैरहव्याहून पायी सरहद्द ओलांडून सुनौली, तेथून गोरखपूर, आणि गोरखपुराहून आगगाडीने मनमाड. मी स्वतः त्यांना आणावयास मनमाडला गेलो होतो. मुलगी तेव्हा आठ वर्षांची. गाडीतून उतरताच तिने मला हात जोडून "जयमसीह" म्हटले, कारण तिकडच्या विश्वासणाऱ्यांत तसाच नमस्कार करतात. तिच्या मनगटावर एक लहान घड्याळ होते व ते आमच्या घड्याळांपेक्षा पंधरा मिनिटे पुढे होते. मी म्हटले, "बाळ, तुझे घड्याळ पुढे गेले आहे." ती म्हणाली, "नाही, तुमचे मागे आहे." नेपाळची वेळ आपल्या वेळेहून पाव तास पुढे असते, हे मला तेव्हा माहीत नव्हते.

त्या चार महिन्यांत आम्ही त्यांच्यावर प्रेमाचा वर्षाव केला, आणि त्याखाली ती गुदमरली. आजी नातीच्या ताटात बाजरीची भाकरी आणि ठेचा वाढी. नात सकाळी दहा वाजता आणि सायंकाळी दालभात मागे, कारण तिकडे दोन्ही वेळा तेच जेवण असते. आजीला वाटे, पोरीला आपले अन्न गोड लागत नाही. मुलीच्या बोलण्यात 'ळ' नव्हता. नेपाळी भाषेत तो वर्ण नाही. 'केळी'ला ती 'केली' म्हणे व 'डोळे' यास 'डोले'. गावची मुले तिच्याभोवती जमून तिच्याकडून हे शब्द पुन्हा पुन्हा म्हणवून घेत. अक्षरे तीच, बाराखडी तीच. पण तिला आमच्या पुस्तकातील धडा अडखळत वाचावा लागे आणि तिची नेपाळी वही आमच्यापैकी कोणासही वाचून समजत नसे. पहिल्याच शनिवारी सकाळी ती अंघोळ करून, केसांना फीत बांधून पडवीत येऊन बसली आणि मंदिर केव्हा उघडणार, म्हणून विचारू लागली. नेपाळात साप्ताहिक सुटी शनिवारी असल्यामुळे तेथील मंडळ्या शनिवारीच उपासनेस जमतात. आम्ही सर्व मोठी माणसे हसलो. कोणी तरी म्हणाले, "पोरगी यहुदी झाली की काय?" ती उठून आत गेली.

आईबापांना तर आम्ही विसावा म्हणून घेऊ दिला नाही. मी स्वतः कार्यक्रम आखला होता: आज या वाडीत, उद्या त्या वस्तीवर, रविवारी दोन उपासना, बुधवारी स्त्रियांची सभा. लोकांस हिमालयाच्या गोष्टी ऐकावयाच्या होत्या. बर्फ, वाघ, देवळे, जादूटोणा, यांविषयी ते विचारीत. ताई मात्र बाळंतिणींविषयी बोले. आणि डोलीतून दोन दोन दिवस चालत आणलेल्या रोग्यांविषयी. लोक जांभया देत. एका वडीलजनांनी मला बाजूस नेऊन सांगितले, "पाळकसाहेब, यांना जरा रंगवून सांगायला सांगा, म्हणजे भेट बरी जमेल."

हे वाचून कोणास वाटेल की, खेडवळ मंडळीचे असे व्हावयाचेच. तसे नाही. ब्रह्मदेशाचे विख्यात मिशनरी अदोनीराम जडसन 1812 साली अमेरिका सोडून गेले व तेहतीस वर्षांनी, 1845 साली, एकदाच स्वदेशी परतले. आजारी पत्नीस समुद्राची हवा मिळावी म्हणून ते निघाले होते. ती वाटेत सेंट हेलेना बेटाजवळ मरण पावली आणि तेथेच पुरली गेली. बोस्टनला उतरल्यावर मोठमोठ्या सभा भरल्या. जडसनांचा आवाज रोगाने इतका बसला होता की, ते हळू बोलत व शेजारी उभा राहिलेला दुसरा मनुष्य त्यांची वाक्ये सभेला मोठ्याने ऐकवी. शिवाय इतकी वर्षे ब्रह्मी भाषेत बोलून व विचार करून इंग्रजीत व्याख्यान देणे त्यांना जड झाले होते. लोकांस साहसाच्या गोष्टी हव्या होत्या. तुरुंगाच्या, बेड्यांच्या, राजदरबाराच्या. ते ख्रिस्ताच्या प्रीतीविषयी थोडेसे साधे बोलून खाली बसत, आणि लोक निराश होऊन घरी जात. याहून चांगली गोष्ट आपल्यापाशी नाही, अशा अर्थाचे ते म्हणाले. स्वदेश त्यांना परका झाला होता, आणि ते स्वदेशाला एक नवलाची वस्तू झाले होते.

आपल्या नगरच्याच इतिहासात पाहा. डॉक्टर रॉबर्ट अॅलन ह्यूम यांचा जन्म 1847 साली मुंबईत, भायखळ्यास झाला. वडील 1854 साली स्वदेशी जाताना समुद्रावर वारले. मुलगा अमेरिकेत वाढला, शिकला, आणि 1874 साली नगरास आला. त्याच्या येण्यास आपण 'जाणे' म्हणावे की 'परतणे'? पुढे ते रजेवर असताना 1886 साली एका भाषणात, ज्यांच्या कानी या जन्मात सुवार्ता पडलीच नाही त्यांना मरणानंतर तरी ती ऐकण्याची संधी देव देत असेल, या मताला अनुकूल असे बोलले. त्यावरून तिकडे मोठा वाद माजला, आणि त्यांना परत पाठवावे की नाही यावर बोर्डात बराच काळ खल झाला. शेवटी 1887 साली ते परत आले. त्या मताविषयी वाचकांचे काहीही म्हणणे असो. मला त्यातून एवढेच दिसते की, ज्याने हिंदु शेजाऱ्यांची तिरडी जवळून जाताना पाहिली आहे, त्याला हा प्रश्न जसा टोचतो तसा तो दूर बसलेल्यांस टोचत नाही. मनुष्य रजेवर जातो तेव्हा नुसत्या पेट्या घेऊन जात नाही. जेथे राहिला तेथले प्रश्नही घेऊन जातो. आणि घरच्या लोकांस त्या पेट्या आवडतात, प्रश्न आवडत नाहीत.

याच्या उलट एक उदाहरण आहे, व ते मला फार प्रिय आहे. जस्टिन अॅबट यांनी मुंबई इलाख्यात आयुष्याची ऐन वर्षे घालविली आणि मग ते अमेरिकेत न्यू जर्सी प्रांती समिट नावाच्या गावी जाऊन राहिले. आता ते घरी पोहोचले, असे कोणीही म्हटले असते. पण तेथे बसून त्यांनी काय केले? एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई, महिपती यांचे ग्रंथ इंग्रजीत उतरविले. 1926 पासून ती माला प्रसिद्ध होऊ लागली, आणि 1932 साली त्यांचा अंत होईपर्यंत हेच काम चालले. शरीराने ते घरी गेले; पण उरलेले दिवस त्यांनी चंद्रभागेच्या वाळवंटात काढले, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता मी माझ्या मूळ गोष्टीकडे येतो, कारण ज्या प्रश्नासाठी हा लेख लिहावयास घेतला तो अद्याप पुढेच आहे.

25 एप्रिल 2015 हा शनिवार होता. दुपारी बाराच्या सुमारास नेपाळात मोठा भूकंप झाला. त्याचा उगम गोरखा जिल्ह्यात होता. सुमारे नऊ हजार माणसे मेली, आणि दगडमातीची लक्षावधी घरे पडली. शनिवारची दुपार, म्हणजे त्या देशातील ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेची वेळ. कित्येक ठिकाणी उपासनेस बसलेल्या लोकांवर मंदिराचे छप्पर आले. आमच्या या कुटुंबाची डोंगरातील छोटी मंडळीही त्यांतच सापडली. एका लग्नाच्या मांडवात आम्ही जेवावयास बसलो होतो, तेव्हा ताईच्या पतीला दूरध्वनी आला. मेलेल्यांत एक विधवा बाई होती. ताई रात्रपाळीवर जाई तेव्हा मुलीला तीच सांभाळी. मुलगी तिला आमा म्हणे. उपासनेत ताईची बसण्याची जागा तिच्या शेजारी, भिंतीकडेला असे.

दुसऱ्या दिवशी रविवारच्या उपासनेत मी उपदेशपीठावर उभा राहून असे बोललो: प्रभूने आपल्या या कुटुंबावर केवढी दया केली! रजेच्या निमित्ताने त्याने त्यांना वेळेवर घरी आणिले, नाही तर आज ती कोठे असती? मंडळी मोठ्याने "आमेन" म्हणाली. ताईच्या सासूने डोळे पुसले. मला वाटले, मी योग्य शब्द बोललो.

उपासना संपल्यावर ताई मागे थांबली. ती म्हणाली, "पाळकसाहेब, प्रभूने मला वेळेवर घरी आणले, तर तिला का नाही आणले? ती तर घरीच होती."

मी काहीतरी उत्तर दिले. देवाचे मार्ग अगम्य आहेत, असे काहीसे ते होते. आपल्या पाळकमंडळींस हे वाक्य फार सोयीचे असते. प्रश्न विचारणारा त्याने गप्प बसतो, आणि आपल्याला वाटते की त्याचे समाधान झाले. ताई गप्प बसली. परंतु माझेच समाधान झाले नाही, आणि त्या रात्री मी लूकच्या तेराव्या अध्यायापाशी बसलो. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी होती असे समजू नका, अशा अर्थाचे प्रभू तेथे बोलतो. हा उतारा मी वीस वेळा तरी उपदेशिला असेन. परंतु त्याची दुसरी बाजू माझ्या ध्यानात कधी आली नव्हती. बुरुजाखाली मेलेले जर अधिक पापी नव्हते, तर त्या दिवशी बुरुजाखाली नसलेले अधिक लाडके होते, असेही म्हणता येत नाही. पहिला तर्क प्रभूने मोडला, त्याबरोबर दुसराही मोडला. वाचलेल्याने देवाचे उपकार मानावेत, यात संशय नाही. पण आपल्या वाचण्याला त्याने निवड समजू नये. मी उपदेशपीठावरून त्या बाईच्या हाती कृतज्ञता म्हणून जे दिले, ते वस्तुतः एक ओझे होते: तू निवडलेली, व तुझ्या शेजारची न निवडलेली. असले ओझे घेऊन ती परत त्या भिंतीपाशी कशी जाणार होती?

त्याच आठवड्यात मी तिच्याकडे गेलो व माझे चुकले असे सांगितले. ती म्हणाली, "मला वाटलेच होते की तुम्ही विचार कराल." याहून अधिक ती काही बोलली नाही.

मग त्यांच्या परत जाण्याचा प्रश्न निघाला. रजेचा अजून महिना बाकी होता, तेव्हा घरच्यांचे म्हणणे पडले की, जाऊच नये. 12 मे रोजी दुसरा मोठा धक्का बसल्यावर तर गावात दोन तट पडले. एक तट म्हणे, लेकरू घेऊन मरणाच्या तोंडी जाणे हा विश्वास नव्हे, देवाची परीक्षा पाहणे होय. दुसरा तट म्हणे, मेंढरांवर लांडगा आला असता पळतो तो मोलकरी. दोन्ही तटांस शास्त्रवचने पाठ होती. त्या दोघांना काय वाटते, हे मात्र कोणी विचारीत नव्हते. आणि त्या आठ वर्षांच्या मुलीस तर कोणीच नाही.

येथे मला एक खरी अडचण दिसते, व ती मी झाकून ठेवीत नाही. मोठ्या माणसाने आपले घर सोडले तर ते त्याचे अर्पण होय. पण त्याच्या मुलाचे घर कोणी सोडले? जडसनांनी परत जाताना आपली तीन मुले अमेरिकेत ठेविली आणि पुन्हा त्यांना कधी पाहिले नाही. 1850 साली ते समुद्रावर वारले. धाकटी तीन ते ब्रह्मदेशात ठेवून आले होते. त्यांतील एक ते परत पोहोचण्यापूर्वीच मेले. मिशनऱ्यांच्या मुलांसाठी पुढे अमेरिकेत वसतिगृहे निघाली, मसुरी व कोडाईकनाल येथे शाळा निघाल्या. ही सोय झाली, पण मूळ प्रश्न सुटला नाही. अब्राहामाने ऊर सोडले तेव्हा त्याला बोलावणे आले होते. इसहाकाला कोणी विचारले नाही. मोशेने तर परदेशात झालेल्या मुलाचे नावच गेर्षोम ठेविले, कारण मी परक्या देशात उपरी झालो, असे तो म्हणाला. परकेपणा बापाचा, आणि नाव लेकराला! आईबापांच्या पाचारणाचा भार मुलाने वाहावा हे न्याय्य आहे, असे मला सिद्ध करता आलेले नाही. एवढे मात्र मी पाहिले आहे की, आपले सर्व शेतकरी, ऊसतोड्ये, लष्करातले जवान यांची मुलेही आईबापांच्या कामाचा भार वाहतातच, व त्याची चर्चा कोणी करीत नाही. भार वाहिला जातो हे अन्यायाचे मूळ नव्हे. वाहणाऱ्याला तो वाहतो आहे हे कोणी मान्य करीत नाही, तेथे अन्याय होतो.

त्या मुलीला शेवटी तिच्या आजीने विचारले. "तुला कुठे राहायचेय, बाय?" मुलगी म्हणाली, "आमाच्या घरी." आमा मेली हे तिला सांगितलेले होते. तरी ती तेच म्हणाली.

जून महिन्यात ती गेली. त्यानंतरचे सर्व मला ताईच्या पत्रांवरून माहीत आहे. मला भय होते की, तेथे लोक तिला टोचून बोलतील. तसे कोणी बोलले नाही. उलट लोकांनी गळ्यात पडून स्वागत केले. परंतु जो तो 'त्या दिवसा'विषयी बोले. कोण कोठे होता, कोणी कोणाला ओढून काढले, रात्री उघड्यावर पावसात कसे बसले. सर्वांना एकेक गोष्ट होती, हिलाच नव्हती. मंडळीच्या वडिलांनी एकदा सहज म्हटले, "दिदी, तुम्ही नव्हता." त्यात दोष देण्याचा भाव नव्हता, असे ती लिहिते, पावसाळा झाला किंवा झाला नाही असे सांगावे तसे ते बोलले. तरी त्या तीन शब्दांनी तिला कळले की, सहा वर्षांत बांधलेले घर चार महिन्यांत कोठे तरी हलविले गेले आहे, आणि तेथे पुन्हा प्रवेश मागावा लागणार आहे.

हे वाचून मला एपफ्रदीत आठवला. फिलिप्पैच्या मंडळीने त्याला पौलाच्या सेवेस पाठविले. तो आजारी पडून मरणाच्या दारी गेला. आणि पौलाने त्याला परत घरी पाठविले. पाठविताना मंडळीस किती जपून लिहिले आहे ते पाहावे. त्याला आनंदाने घ्या, अशांना मान द्या, तो कामासाठी जिवावर उदार झाला होता, असा आशय आहे. एवढी रदबदली पौलाने का करावी? माझ्या मते त्याला ठाऊक होते की, परत आलेल्या मनुष्याकडे लोक संशयाने पाहतात. काम अर्धे टाकून आला की काय? पौल स्वतः एकदा तसाच वागला होता. मार्क पंफुल्यातून परत गेला, म्हणून पुढल्या प्रवासात पौल त्याला बरोबर घेईना, आणि त्यावरून बर्णबाशी त्याचा तीव्र वाद झाला. जाणे व पळून जाणे यांतला भेद पौलासारख्यालाही एकदम कळला नाही. वृद्धपणी त्याने त्याच मार्काला, तो उपयोगी आहे असे म्हणून, बोलावून घेतले. एपफ्रदीताविषयीची ओळ लिहिताना त्याला मार्क आठवत असेल काय? असेल, असे मला वाटते. पण तो केवळ माझा तर्क आहे.

विसावा हा सेवेचा भाग आहे, असे आपण म्हणतो खरे, पण मनातून मानीत नाही. पाठविणाऱ्यांना वाटते, रजेवरचा मनुष्य फुकट बसला आहे. ज्यांच्यात तो काम करतो त्यांना वाटते, अडचणीच्या वेळी तो सुखात होता. दोन्हीकडचा हिशेब त्याच्या नावे खर्ची पडतो. नामी बेथलेहेमास परत आली तेव्हा बायांनी "हीच का नामी?" म्हणून विचारले. दहा वर्षांत तिच्यावर काय गुदरले, हे कोणी विचारल्याचे लिहिलेले नाही.

सप्टेंबरात नेपाळची नवी राज्यघटना जाहीर झाली, तराईत आंदोलन पेटले, आणि सरहद्दीवरून माल जाणे जवळजवळ बंद पडले. इंधन, स्वयंपाकाचा गॅस, औषधे यांची भयंकर टंचाई झाली व ती पुढल्या फेब्रुवारीपर्यंत चालली. आपले सरकार म्हणे, नाकेबंदी आम्ही केलेली नाही. नेपाळी जनतेचा मोठा भाग दोष भारतालाच देई. डोंगरातील माणसाला त्या वादाशी काय काम? त्याची चूल विझली होती, आणि शेजारी एक भारतीय कुटुंब राहत होते. भाजीवाली ताईशी बोलेनाशी झाली. शाळेत मुलीला कोणी म्हणाले, "तुझ्या देशाने आमचे तेल अडवले." नगरात जी 'नेपाळी' म्हणून चिडविली गेली, ती तेथे 'इंडियन' झाली.

त्यांच्या घरी गॅस संपला तेव्हा ताईने अंगणात तीन दगड मांडले. पण सरपण नव्हते. पडलेल्या मंदिराच्या तुळया व फळ्या मंडळीने रचून ठेविल्या होत्या व त्या थोड्या थोड्या घरोघर वाटल्या जात होत्या. ताईने मागितले नाही. ती लिहिते, मागण्याचा आपला हक्क आहे असे मला वाटेना. एके पहाटे दार उघडले तो पायरीपाशी लाकडांची एक मोळी होती. तिच्यातल्या एका फळीला अजून निळा रंग होता. भिंतीकडेच्या बाकाची ती फळी तिने ओळखली. ठेवणारा कोण हे तिला कळले नाही, आणि तिने विचारलेही नाही. ती फळी तिने जाळली नाही. बाकीच्यांवर तिने भात शिजविला.

हे पत्र मी मंडळीत वाचून दाखविले. त्या दिवशी भेट किती जमली हे मी सांगत नाही. एवढेच की, रंगवून सांगावे लागले नाही.

2019 साली ती तिघे पुन्हा रजेवर आली. या वेळी आमच्या पंचांनी आधीच ठराव केला होता की, पहिला महिनाभर त्यांना कोणीही भाषणास बोलावू नये, आणि आजीने तांदळाचे एक पोते भरून ठेवावे. आजी पहिल्याने कुरकुरली. मग तिने स्वतः बाजारात जाऊन तांदूळ पारखून घेतला. मुलगी बारा वर्षांची झाली होती व आता 'ळ' स्वच्छ म्हणत होती. घड्याळ मात्र पाव तास पुढेच होते. मी त्याविषयी बोललो नाही.

पहिल्या शनिवारी सकाळी ती पडवीत येऊन बसली. तिने कोणास काही विचारले नाही. तिच्या मनात काय होते मला ठाऊक नाही. कदाचित ती नुसती उन्हाला बसली असेल. थोड्या वेळाने आमचे डीकन, ज्यांनी पूर्वी तिला यहुदी म्हटले होते, तेच दादा, रस्त्याने आले आणि दारात उभे राहून म्हणाले, "चला बाय, किल्ली आणली आहे. कोणी नाही आले तर आपण दोघेच बसू." आम्ही अकराजण जमलो. तिने नेपाळीत प्रार्थना केली. तीत आम्हांस दोन-तीन नावे तेवढी समजली.